लावला जी, सोडा

तुला हाक काय म्हणून मारावी, इथूनच अडलं आहे. एवढ्या संसारात तुझं नाव मी तुझ्यासमोर कधी घेतलं नाही. घरात 'अवं', चारचौघांत 'ज्योतीची माय' आणि गाडीत तर नुसतं 'लाव'. तेवढ्यावर भागत होतं. आता घरात 'अवं' म्हटलं की माझाच आवाज मला ऐकू येतो आणि कसंसंच होतं. म्हणून दोन दिवस झाले, मी बोलतच नाही. आज लिहून बोलतो.

तेरवी झाली. पाहुणे गेले. सतरंज्या ज्यांच्या त्यांना परत पोचल्या. ज्योती आणखी काही दिवस थांबली, मग तिलाही नागपूरला जावं लागलं. लेकराची शाळा, जावयाची ड्युटी. ती गेली त्या दुपारी मला आठवलं की करडीच्या पार्बताबाईला सांगायचं राहूनच गेलं. करडीच्या तलावावर मासे धरून तिथंच पाळीवर, तलावाच्या बांधावर, विकणारी ती ढिवरीण तुझी मैत्रीण. पण तिला तेरवीचा निरोप पाठवायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. अशी बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण जाऊन सांगावी, म्हणून गाडी काढली.

इतक्या वर्षांत तुझ्याशिवाय गाडी पहिल्यांदाच काढली, हे मला मोहाडीच्या बाहेर पडेपर्यंत लक्षातही आलं नाही. तलावाच्या पाळीवर चढलो. खाली दोन्हीकडे धानाच्या बांध्या, चिखल, गाडी उभी करायला वीतभर जागा नाही. ती वर चढावरच उभी करावी लागते. नेहमीच्या आंब्याखाली मी ब्रेक दाबला आणि म्हणालो, "लाव."

डावीकडचं दार उघडलं नाही.

काय सांगू तुला! तसाच ब्रेकवर पाय दाबून बसलो. हँडब्रेक कधीचाच गेलेला, पाय उचलावा तर गाडी मागं खाली बांधीत जाते. बाकीच्यांच्या गाड्या इंजिन बंद करून गिअरमध्ये टाकल्या की उभ्या राहतात. आपली म्हातारी, चढावर झटका खाऊन तिचा गिअर सुटतो, ते तर तू दोनदा पाहिलंस. गोटा तुझ्या जागेवर, खाली पाय ठेवायच्या ठिकाणी पडलेला. हात लांबवला तर लागत होता. पण तो चाकाखाली लावायला उतरावं लागतं आणि उतरायला ब्रेक सोडावा लागतो. त्या कामाला माणसं दोन लागतात. हे साधं गणित मला तोवर कधी करावंच लागलं नव्हतं.

पाळीच्या पलीकडच्या टोकाला पार्बताबाई जाळं झटकत होती. तिनं गाडी ओळखून हात हलवला. मीही हलवला. मांडी कापायला लागली तेव्हा रिव्हर्स टाकला आणि आल्या वाटेनं मागं मागं उतरून घरी आलो. बातमी सांगायला गेलेला माणूस हात हलवून परत आला.

तो गोटा आपल्या घरात कसा आला ते तू ज्योतीच्या पोराला दरवेळी नव्यानं सांगायचीस आणि दरवेळी त्यात माझी फजिती थोडी वाढवायचीस. आता खरं काय ते मी सांगतो. तुला डोळे तपासायला साकोलीला न्यायचं होतं, म्हणून त्या दिवशी तू गाडीत होतीस. एरवी नसायचीस. मी घरी माग चालवणारा आणि कोष्ट्यांच्या घरच्या साड्या गावोगावच्या दुकानांत पोचवणारा माणूस. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तिकडचे दुकानदार तिकडच्या लोकांकडून माल घ्यायला लागले, तेव्हापासून तर या उरलेल्या जिल्ह्यात मी जास्तच फिरलो. एकटाच फिरायचो. तू घरी मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायचीस. संध्याकाळी विचारायचीस, "आज कोठी गेल्ते?" मी गावाचं नाव सांगायचो आणि जेवायला बसायचो.

तर साकोलीला चहाच्या टपरीसमोर उतार होता. हँडब्रेक ओढला आणि आपण उतरलो. पहिला घोट घेतो न घेतो, खालून फट्ट असा आवाज आला आणि गाडी आपली निघाली, एखादी म्हातारी बाजाराला निघावी तशी, सावकाश. मी कप हातात घेऊन तिच्यामागं 'अरे अरे' करत पळालो. तू पळाली नाहीस. हायवेच्या कामाचा ढीग बाजूला पडला होता, त्यातला एक काळा गोटा तू उचललास आणि मागच्या चाकाखाली सारलास. गाडी थांबली. टपरीवाला टाळ्या वाजवायला लागला. खाली वाकून पाहिलं तर हँडब्रेकची वायर गंजून तुटलेली. आणि मी नको म्हणत असताना तू तो गोटा गाडीत टाकलास. "राहू द्या, कामी येते," म्हणालीस.

तुझे डोळे तपासायचे त्या दिवशी राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी मला तुमसरला जायचं होतं. तू पदर खोचून गाडीत येऊन बसलीस. "गोटा कोन लावते मंग?" मी गाडी सुरू केली. तेव्हापासून दहा-बारा वर्षं हे असंच चाललं. मी ब्रेक दाबायचा आणि म्हणायचं, 'लाव.' तू उतरायचीस, गोटा सारायचीस, वर पायानं दोन ठोकरा द्यायचीस आणि मागून ओरडायचीस, "लावला जी, सोडा!" मग मी पाय उचलायचा. गाडी जरा मागं सरकायची, गोट्यावर टेकायची आणि उभी राहायची. बाजारात लोक हसायचे. एका दुकानदारानं तर आपलं नावच गोटेवाले पाडलं. मला राग यायचा. तुला काडीचाही यायचा नाही.

दसऱ्याला गाडीला हार घातला की गोट्यालाही तू हळदकुंकू लावायचीस. त्यातूनच तो करडीचा प्रकार झाला. कुंकू लावलेला गोटा चाकाखाली सारून तू पार्बताबाईशी बोलत बसलीस. उठून पाहतो तर कोणी तरी त्याच्यावर जास्वंदीचं फूल वाहून गेलेलं. मी म्हटलं, "उचल आता." तू म्हणालीस, "फूल वाह्यलेला देव गाडीत टाकू का जी? बोला!" आणि मला तलावाच्या पाळीवर दुसरा गोटा हुडकत फिरायला लावलंस. तो पहिला अजून तिथं आंब्याच्या बुडाशी आहे. आता त्याच्यावर शेंदूरही चढला आहे.

हे सगळं लिहिताना मला हसू येत आहे, हे तुला सांगून ठेवतो. घरात एकटा माणूस हसतो आहे हे कोणी खिडकीतून पाहिलं तर काय म्हणेल!

पण भांडण भांडण आहे. ते मिटलेलं नाही आणि तू मेलीस म्हणून मी ते सोडून देणार नाही. वायर मी त्याच महिन्यात आणली होती. नवी कोरी, कागदात गुंडाळलेली. घरीच बसवतो म्हटलं. ज्यानं उभा जन्म मागाचा ताणा कसला, त्याला एक वायर कसता येणार नाही का? पण तू ती बसवू दिली असशील तर शपथ. शनिवारी म्हणालीस, शनिवारी लोखंडाला हात लावत नाही. रविवारी अंगणात पापड घातलेस, बरोबर गाडीच्या भोवती. पुढच्या वेळी अमावस्या निघाली. तू कधीपासून अमावस्या पाळायला लागलीस, मला ठाऊक नाही. एकदा सगळं जमून आलं, जॅक लावला, तर बाराचा पाना मिळेना. हँडब्रेकच्या दांडीखाली बोटभर जागेत तो नट आहे. आपला लांब दांड्याचा पाना सोडून दुसरा तिथं पोचत नाही. सगळं घर पालथं घातलं. तूही माझ्याबरोबर शोधलंस, पलंगाखाली वाकून वाकून. शेवटी मी ठरवून टाकलं की शेजारच्या शंकररावानं नेला. त्याच्याशी बोलणं जवळपास बंद केलं. वायर खिळ्याला टांगली ती टांगलीच. मी कधी तिचा विषय काढला की तू म्हणायचीस, "गोटा हाये ना जी! कायले मांगं लागता त्या वायरीच्या?"

आणि हिंडलीस मात्र खूप. बपेऱ्याला गेलो तेव्हा पुढं मध्यप्रदेश लागतो म्हटल्यावर तू गाडीतून उतरून थोडं पुढं चालत गेलीस, उभी राहून पाहिलंस आणि परत आलीस. "रस्ता तं तसाच हाये," म्हणालीस, जशी काही माझीच त्यात चूक. साकोलीच्या बसस्टँडवरचे तर्रीपोहे तुला आवडायचे. प्रत्येक गावात तुझी कोणी ना कोणी झाली. मी दुकानात साड्या उलगडून दाखवायचो आणि तू बाहेर कोणाच्या तरी ओट्यावर बसून त्यांच्या घरची सगळी हकीकत घेऊन यायचीस. परतीच्या वाटेवर ती मला ऐकावी लागायची. मी हं हं करायचो. आता त्यातलं काय काय आठवतं म्हणून पाहिलं, तर बरंच आठवतं.

शेवटच्या आठवड्यात, नागपूरच्या दवाखान्यात, तू कधी शुद्धीवर असायचीस, कधी नसायचीस. मी तुझा हात धरून बसलो होतो. दुपारची वेळ. तू डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालीस, "लावला जी, सोडा." स्पष्ट म्हणालीस. ज्योतीला वाटलं, आईला सोडा प्यायचा आहे. पोरगी तशीच धावत खाली गेली आणि टपरीवरून सोड्याची बाटली घेऊन आली. नर्स तिच्यावर ओरडली. ज्योती रडायला लागली, की आईनं एवढं एक मागितलं आणि तेही देता येत नाही. मी तिला खरं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं असतं तर मीच रडलो असतो. हात मात्र सोडला नाही. तुझं तेवढं एक ऐकलं नाही. ती बाटली सामानाबरोबर घरी आली आहे. फ्रिजच्या दारात आहे. मी ती पीतही नाही आणि फेकतही नाही.

करडीहून तसाच परत आलो त्या संध्याकाळी ज्योतीचा फोन आला. मी मूर्खासारखं तिला सगळं सांगून बसलो. ती म्हणाली, "बाबा, विकून टाका ना ती गाडी. एकटे कायले राहून राहिले तिथं? इकडं या. खोली हाये तुमच्यासाठी." प्रेमानंच म्हणाली. पण मला धडकी भरली. खोली आहे, ते खरं. त्या खोलीत मी काय करू? माझी गावं इकडं, माणसं इकडं, तुझं जे काही उरलंय ते सगळं या रस्त्यांवर उरलंय. गाडी गेली तर गुडघे घेऊन मी बसच्या पायऱ्या किती चढणार? आणि उभी करता येत नसेल तर ती गाडी चालवून तरी काय उपयोग? रात्रभर विचार केला. सकाळी खिळ्यावरची वायर काढली.

पाना नव्हता. शंकररावाच्या दारात गेलो. इतक्या वर्षांनी. म्हटलं, "बाराचा पाना हाये का, लांब दांड्याचा?" त्यानं टोमणाच मारला. "तुमचाच नेलता ना जी मी? तोच वापरा," म्हणाला आणि मग आपणच वरमला, तुझी आठवण येऊन. "नाई भाऊ, माह्याजवळ नव्हताच कधी," म्हणाला. चहा घ्या म्हणाला. मी घेतला.

पाना नसला तरी बाकीचं खोलून ठेवू, म्हणून कामाला लागलो. मागची बाजू जॅकवर घ्यायची तर पुढची चाकं सरकायला नकोत. म्हणून सगळ्यात आधी तुझा गोटा पुढच्या चाकाला लावला. दुसऱ्या चाकाला वीट. मागं दोन्हीकडे तुटक्या मागाच्या लाकडाचे ठोकळे दिले. चाकं काढली, ड्रम हातोडीनं ठोकून ठोकून सैल केले. आत लाल गंज नुसता भुरभुरत होता. पुसायला फडकं हवं म्हणून घरात आलो. चिंध्या तू कांड्यांच्या टोपलीत ठेवायचीस. मी त्या टोपलीला आयुष्यात हात लावला नव्हता, ते तुझं राज्य. वरच्या कांड्या बाजूला केल्या, चिंध्यांचा गठ्ठा ओढला तर तो जड लागला. आत, जुन्या हिरव्या काठाच्या तुकड्यात नीट गुंडाळून, वरून सुतानं बांधून, बाराचा पाना.

तेल लावून ठेवला होतास. गंज चढू नये म्हणून!

मी तिथंच खाली बसलो. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. पलंगाखाली वाकून शोधत होतीस ना? 'शंकररावच असन' म्हटल्यावर मान हलवत होतीस ना? मग हसू आलं आणि मग दोन्ही गेलं. विचारायला समोर कोणी नव्हतं. काहून? कशासाठी? मी गाडीखाली शिरून काही करून घेईन, अशी भीती होती का तुला? की मला जमणार नाही, माझी फजिती होईल, म्हणून? बसून बसून विचार केला. काही हाती लागलं नाही. उठलो आणि पाना घेऊन बाहेर आलो.

वायर ओवायला दुपार गेली. पाठीवर झोपून, तोंडावर माती घेत. पहिल्यांदा नट इतका कसला की दांडी खाली असतानाही चाक फिरेना. ताण्याचंही तसंच असतं. कसला की तुटतो, सोडला की झोल पडतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. थोडा सैल केला. दांडी खाली, चाक मोकळं. दांडी वर, चाक घट्ट. जमलं. हात रॉकेलनं धुतले आणि सवयीनं आत वळून सांगणार होतो, 'अवं, जमलं पाहाय!' तोंडापर्यंत आलेलं तसंच गिळलं. त्या दिवसाइतकं एकटं मला तेरवीलाही वाटलं नव्हतं.

काल सकाळी पुन्हा करडीला गेलो. त्याच आंब्याखाली ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. कट कट करत दांडी वर आली आणि घट्ट बसली. आता नुसता पाय उचलायचा. तो उचलेना. भीती नव्हती, माझ्या कामावर माझा भरवसा आहे. पण इतकी वर्षं मागून तुझं 'सोडा' आल्याशिवाय मी पाय उचललाच नव्हता. मी वाट पाहत होतो.

पार्बताबाई टोपली डोक्यावर घेऊन आली. "त्या दिवशी आले न् तसेच चालले गेले? म्या म्हटलं, काहून रागावले बाप्पा!" मग वाकून तिनं डावीकडच्या खिडकीतून आत पाहिलं. "बाई कोठी?"

सांगायलाच आलो होतो. वाक्य घरून जुळवून आणलं होतं. ते आलंच नाही. माझा पाय ब्रेकवर आहे हे तिनं पाहिलं, तिला सगळी रीत ठाऊक. टोपली खाली ठेवून तिनं दार उघडलं आणि गोट्याला हात घातला. "थांबा जी, मी लावतो."

"नको," मी म्हणालो. "ब्रेक बनवला."

ती तशीच वाकलेली राहिली, हात गोट्यावर. "बनवला?"

"हो."

तिनं गोटा सोडला. मागं सरकली आणि दाराला धरून हळूहळू खाली, मातीतच बसली. "कवा गेल्या जी?"

मी तर काहीच बोललो नव्हतो. 'तुला कसं कळलं?' म्हणून मी तिला विचारलं. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाईच म्हनत होत्या ना! 'पार्बता, मी हावो तवर मी काई याईले ब्रेक बनवू देत नाई. बनला तं मले कोन आनते इथवर?' पाना लपवून ठेवला म्हने. किती हासत होत्या सांगताना."

एवढंच होतं होय? मला तुझा खूप राग आला. बनला असता तरी नेलं असतं गं तुला. असं आज म्हणतो आहे. नेलं असतं का? त्याआधी किती वेळा नेलं होतं? तू काही वेडी नव्हतीस.

पार्बताबाई मान खाली घालून रडत होती. मला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं, म्हणून मी पाय उचलला. 'सोडा' कोणी म्हणालं नाही. गाडी हलली नाही, बोटभरही सरकली नाही. चांगला बनला गं ब्रेक. आता मला एकट्याला कुठंही जाता येतं.